समाधानी अशील

"मिस व्हर्लीन, बोलताना इकडे बघायचं. कॅमेऱ्याकडे." केल्सीने खुर्ची खिडकीजवळ सरकवली. "आणि हसू जरा कमीच ठेवा. हरलेली केस आहे ना आपली."

"हसतंय कोण?" म्हातारी म्हणाली.

रसेल हॅडिक्स दाराला टेकून उभा होता. वकिली त्याची, ऑफिस त्याचं, बाहेरच्या पाटीवर नाव त्याचं. पण या क्षणी तिथून पळून जाता आलं तर बरं, असं त्याला वाटत होतं. हा सगळा घाट केल्सीचा. ऑफिसची जाहिरात ती बघायची. केस संपली की अशिलाला फोन करायचा, गोड बोलून चार ओळींचा अभिप्राय लिहून घ्यायचा आणि त्यावर पाच तारे पदरात पाडून घ्यायचे, हा तिचा शिरस्ता होता. पण कोर्टासमोरच्या प्रुएट वकिलाकडे ताऱ्यांचा नुसता पाऊस पडत होता. तेव्हा केल्सीने डोकं चालवलं.

"जिंकलेले अशील सगळेच दाखवतात, साहेब. आपण हरलेली अशील दाखवू, हरूनही समाधानी असलेली. मग बघा, टेनेसीतला माणूस दुसऱ्या वकिलाचं दार ठोठावतो का."

अशी अशील एकच होती, मिस व्हर्लीन स्टूप्स. लग्न झालं तरी गाव तिला आदराने मिसच म्हणायचं. तिच्या नवऱ्याची, ड्वेनची, गाडी ओंडक्यांच्या ट्रकखाली सापडली. ड्वेन जागीच गेला. कोर्टाने दावा फेटाळला आणि ट्रकवाल्या कंपनीने एक डॉलरही दिला नाही. केसमध्ये दमच नव्हता, असं रसेलने तिला सांगितलं. दम चांगला होता. रसेलनेच मुदत उलटून गेल्यावर दावा लावला होता. नुसता विसरला होता तो. हे तिला कळलं असतं तर तिने त्याच्यावरच दावा केला असता, त्याची सनदही गेली असती. म्हणून तो मूग गिळून बसला. त्याची त्याला मनापासून लाज वाटायची, तरी बसला.

आज सांगून टाकायचं, असं त्याने सकाळी दाढी करताना ठरवलं होतं. मग मिस व्हर्लीन केळ्याच्या पुडिंगचं भांडं घेऊन आली आणि त्याच्या गालाला हात लावून म्हणाली, "वाळलास रे. जेवतोस की नाही वेळेवर?" लहानपणी रविवारी चर्चमध्ये तिने त्याला शिकवलं होतं, आणि तो पन्नाशीला आला तरी तिच्या लेखी पोरगाच होता. त्याने भांडं हातात घेतलं आणि सांगायचं राहून गेलं.

केल्सीने बोट वर केलं. कॅमेरा सुरू झाला.

"रसेलने माझं काम बघितलं," मिस व्हर्लीन म्हणाली. "मी फोन केला आणि त्याने उचलला नाही, असं कधी झालं नाही. ड्वेनच्या शवपेटीला खांदा दिला त्याने. केस हरलो आम्ही. आता गावाच्या तोंडाला कोण हात लावणार? तो प्रुएट मला वाण्याच्या दुकानात गाठून म्हणतो, 'मिस व्हर्लीन, तुमची केस पडली नाही, पाडली. तुमच्या वकिलाने मुदत घालवली.' मी म्हटलं, तसं असतं तर रसेलने मला स्वतः येऊन सांगितलं असतं. माझ्या हाताखालून गेलेलं पोर आहे ते. खोटं नाही बोलायचं."

रसेलने दाराची मूठ घट्ट धरली. आत्ताच बोलायला हवं होतं. पण कॅमेऱ्यासमोर कशाला, नंतर एकट्यात सांगू, अशी त्याने मनाची समजूत घातली. अशा समजुती तो वर्षभर घालत आला होता.

"झकास!" केल्सीने कॅमेरा थांबवला. "फक्त प्रुएटचं नाव नको, उगाच आपल्यावर उलटायचा. मुदतीचंही नको, लोकांना ते काय कळतंय. शेवटचं तेवढं पुन्हा म्हणा, रसेल माझ्याशी कधी खोटं बोलला नाही, एवढंच. आणि साहेब, तुम्ही या ना, यांच्या शेजारी बसा. फार छान दिसेल."

रसेल जाऊन बसला. खुर्च्या इतक्या जवळ होत्या की त्यांचे गुडघे एकमेकांना लागत होते.

केल्सीने पुन्हा बोट वर केलं.

या खेपेला मिस व्हर्लीनने कॅमेऱ्याकडे पाहिलंच नाही. ती रसेलकडे वळली.

"रसेल माझ्याशी कधी खोटं बोलला नाही," ती म्हणाली. मग हळूच म्हणाली, "बोललास का रे?"

केल्सीने आनंदाने अंगठा दाखवला. असं तर तिला सुचलंही नसतं.

म्हातारी वाट बघत होती. तिला कसलीच घाई नव्हती. मुदत उलटली होती, मिस व्हर्लीन, चूक माझी होती. एवढंच तर म्हणायचं होतं. रसेलने ओठ उघडले.

"कधीच नाही, मिस व्हर्लीन," तो म्हणाला.

तिने नुसती मान हलवली.

"अप्रतिम!" केल्सी कॅमेऱ्याच्या पडद्यावर वाकली. "हे सगळ्यांत वर टाकू या. फक्त साहेब, शेवटी तुमच्या डोळ्यांत पाणी आलंय. कापू का तेवढं?"

"राहू दे गं," खुर्चीच्या हाताचा आधार घेऊन उठत मिस व्हर्लीन म्हणाली. "तेवढंच खरं आहे त्यात."