पेट्रोलचं झाकण

मुलुंडच्या पंपावर गाडीच्या पेट्रोलचं झाकण पुन्हा अडलं. नितेश आणि त्याची बायको अक्षता यांची रीत ठरलेली होती. त्याने बाहेरून झाकणावर दोन थापा मारायच्या, की तिने सीटजवळचा लिव्हर ओढायचा. आज काही केल्या उघडेना. मागचा रिक्षावाला हॉर्नवरचा हात काढत नव्हता.

"डिकीत झाकण उघडायची एक दोरी असते, ती ओढतो," म्हणत नितेश डिकी उघडून आत वाकला.

त्याने दोरी ओढली. दोरी हळूच परत आत ओढली गेली.

"लिव्हरला हात नको ना लावू यार."

"मी कुठे काय केलं रे?" अक्षता पुढच्या सीटवरून म्हणाली.

नितेशने दोरी सोडली. तेवढ्यात झाकणावर दोन थापा पडल्या, आतून.

नितेश "ओढू नकोस" म्हणेपर्यंत सवयीने अक्षताने लिव्हर ओढला होता. इतका वेळ अडलेलं झाकण अलगद उघडलं.