वाळूची पुरचुंडी

“तोडलीस ना? नवी मोटर होती ती, स्कूटरचा नट नव्हे!” टेकडीवर टॉर्च धरून बसलेली आत्या ओरडली.

तोडली. ताऱ्यांच्या चालीने कॅमेरा फिरवणारी मोटर, स्क्रू अडकला म्हणून मी रागात पिळली. शाळा सोडल्यापासून गॅरेजात असते, हात तिथलेच. पण जुन्या लेन्समध्ये आकाशाचा तुकडा मावायचा, या नव्या रुंद लेन्समध्ये अख्खी आकाशगंगा बसणार होती. अमावस्येची रात्र मी वाया घालवणार नव्हते.

पिशवीत दोन फळ्या, दाराची बिजागरी आणि लांब बोल्ट होताच. फळ्या बिजागरीने जोडल्या, बिजागरी ध्रुवताऱ्याकडे केली, वरच्या फळीवर कॅमेरा बसवला आणि ती फळी हळूहळू उचलायला घड्याळ बघत मिनिटाला एक फेरा बोल्ट फिरवत राहिले. ताऱ्यांच्या रेघोट्या झाल्या नाहीत, स्वच्छ ठिपके आले. तेवढ्यात लेन्सवर दव बसलं.

आत्याने गुडघा शेकायची गरम वाळूची पुरचुंडी सोडली आणि लेन्सला बांधली. दव गेलं.

पहाटे चारला तिला कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर फोटो दाखवला.

“अगं, पुन्हा दव बसलंय की. हा बघ पांढरा पट्टा!”

एरवी मी भडकले असते. “पूस मग,” म्हटलं.

तिने पदराने स्क्रीन घासली. पट्टा जाईना. मग तिने मान वर केली. पट्टा तिथंही होता.

“हे रोज इथंच असतं?”

“असतं की.”

“उद्या दोन पुरचुंड्या आणते. एक माझ्या गुडघ्याला.”