वल्ह्याला लावलेला कान

"माझ्या यंत्राचा आवाज समुद्रात फक्त माझ्याच यंत्राला कळतो!" मालवणच्या समुद्रात, डुलत्या बोटीवर, डॉक्टर मृदुला सामंतनं दिल्लीच्या साहेबांना छातीठोकपणे सांगितलं. तळाशी सोडलेला कॅमेरा आवाजातून चित्र पाठवणार, बोटीखाली टांगलेलं यंत्र ते ऐकणार. चित्र पडद्यावर उमटलं तर साहेबांची सही, नाहीतर तिचं पाच वर्षांचं काम बंद.

तिनं बटण दाबलं. पाण्याखाली टर्रटर्र सुरू झाली.

जवळच्या होडीत बाबी तांडेल पाण्यात वल्हं बुडवून त्याच्या टोकाला कान लावून बसला होता. घोळ माशासारखी टर्रटर्र करणारी मासळी कुठे बोलतेय, ते इथले जुने मच्छीमार असंच ऐकतात. तो ताडकन उठला. "पोरांनू, घोळ! आख्खी पंगत बसली हा!"

अकरा होड्या धावल्या.

"तांडेलानू, ता माझा यंत्र आसा!" मृदुला ओरडली.

"आसांदे गे! बोलता तर घोळीसारख्या!" म्हणत बाबीनं जाळं फेकलं; बाकीच्या होड्यांनीही फेकली.

तेवढ्यात पडद्यावर चित्र आलं. जाळ्याची गाठन्‌गाठ मोजावी इतकं लख्ख! मृदुलाला नाचावंसं वाटलं. "वा, सामंतबाई!" म्हणत साहेबांनी उभ्याउभ्याच फाईल उघडली, पेनाचं टोपण दातांत धरलं.

जाळ्यांत बोटीचा नांगर अडकला होता. अकरा होड्यांनी एकदम ओढ घेतली.

साहेब कठडा धरून वाचले. फाईल कॅमेऱ्यासमोरून सावकाश तळाला गेली. पडद्यावर तिचं शेवटचं पान स्पष्ट वाचता येत होतं. सहीची जागा कोरी होती.