जागच्या जागी

खड्डा कमरेइतका झाला तेव्हा खुरपीला दगड लागला. मग दुसरा, मग तिसरा. तिन्हींच्या मधोमध राख आणि वर बसल्या जागी फुटलेलं मडकं. पुरातत्त्व खात्याच्या पाहणी अधिकाऱ्याने खुरपी बाजूला ठेवली आणि मनातल्या मनात एक शिवी हासडली. असं काही सापडावं म्हणून माणसं या खात्यात जन्म काढतात. त्याला ते नेमकं इथेच सापडायचं होतं.

इथे नवी वसाहत उठणार होती. बांधकामाआधी जमिनीत जुनं काही आहे का, हे तपासून देणं त्याचं काम. नियम सोपा: वस्तू जागच्या जागी सापडली तर पुरावा, आणि बांधकाम वर्षानुवर्षं बंद. हललेली सापडली तर नुसतं खापर. पिशवीत भरा, पुढे चला. म्हणून ‘हात लावू नका’ हे वाक्य तो झोपेतसुद्धा ओरडतो, अशी बायकोची तक्रार होती.

याच वसाहतीत त्याच्या धाकट्या बहिणीने घर घेतलं होतं, राहतं घर विकून. तोवर ती, मेहुणे आणि मुलं त्याच्या दोन खोल्यांत होती. मेहुणे त्याच्याच खुर्चीत बसून त्याचंच वर्तमानपत्र त्याला मोठ्याने वाचून दाखवत. हे नातं त्याने साहेबांना सांगितलं नव्हतं. साहेबांनीही विचारलं नव्हतं. दोघांचीही सचोटी शाबूत होती.

“दादा, डबा विसरलास!” बहीण मातीच्या ढिगाऱ्याला वळसा घालून आली. “आणि माझं स्वयंपाकघर कुठे येणार, ते दाखव आधी.” मग तिने खड्ड्यात डोकावलं. “अगंबाई! चूल ना ही?”

“चूल.”

“भांडं वरच राहिलंय की. आमच्या वहिनीसारखीच विसरभोळी दिसतेय.”

“थांब इथेच. फोटो काढायचाय. गाडीतून कॅमेरा आणतो.”

तो परतला तेव्हा बहीण बाह्या सारून खड्ड्यात उतरली होती. एक दगड बाहेर आला होता. दोन अजून जागेवर होते, मडकंही.

वाक्य तोंडात तयार होतं. तीनच शब्द. त्याने कॅमेऱ्याचा पट्टा सारखा केला. ढिगाऱ्याआड उभा राहून भिंगावरची धूळ पुसली. धूळ नव्हतीच. दुसरा दगड निघाला. त्याने भिंग पुन्हा पुसलं. मग तिसरा निघाला, खापऱ्या निघाल्या, बादलीत पाणी खळबळलं. इतकं स्वच्छ भिंग खात्यात कुणाचं नसेल.

मग तो धावत पुढे झाला आणि ओरडला, “अगं, हात लावू नकोस!”

ती दचकली. “चुकलं का रे काही? फोटो काढणार म्हणालास, म्हणून जरा धुऊनपुसून ठेवलं.” खापऱ्या तिने फळीवर ओळीने मांडल्या होत्या, मोठ्या मागे, लहान पुढे. “यानं आमच्या घराचं काही अडणार नाही ना, दादा?”

“नाही,” तो म्हणाला. “आता नाही.”

“मग तोंड का असं उतरलंय तुझं?”

“ऊन लागलं.”

तिच्या हातात शेवटची खापरी होती, मडक्याच्या तळाची. ती नखाने खरवडत होती. “काहीतरी करपून चिकटलंय बघ. जाता जात नाहीये मेलं.”

तसला करपलेला थर चिमूटभर जरी मिळाला, तरी प्रयोगशाळा सांगू शकते की त्या दिवशी चुलीवर काय होतं. त्याने भिंगावर झाकण लावलं. खापरी लख्ख निघाली. तिने ती फळीवर ठेवली, हात झटकले आणि बादली उचलली.

“काय शिजत होतं बिचारीचं, कोण जाणे,” ती म्हणाली, आणि काळं पाणी खड्ड्यात ओतलं.