पहिल्या गाडीचा मान

पहिल्या गाडीवर बसण्यात धनराजचा फायदाच फायदा होता. डोक्याला फेटा, हातात नारळ, वर शूटिंगचा ड्रोन, आणि दिवाळीच्या आत सरपंचपदाची निवडणूक. त्याच्या पदरचं काहीच जाणार नव्हतं. ओढायचं काम पुंजाराम भगताचं होतं.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, खंडेरायाच्या देवळापासून खालच्या पारापर्यंत एकामागे एक बांधलेल्या बारा बैलगाड्या भगत एकटा ओढतो, असं गाव म्हणतं. मागून दीडशे जण ढकलतात, त्याबद्दल गाव काही म्हणत नाही. आजवर रस्त्यावर घोटाभर फुफाटा असायचा. चाकं रुतायची, पार आला की गाड्या आपोआप थांबायच्या. यंदा धनराजने खटपट करून काँक्रीट करून घेतलं होतं. लाकडी चाकाच्या गाड्याही आता गावात उरल्या नव्हत्या. बाराच्या बारा टायरच्या.

तो गाडीवर चढला तोच पुंजारामची बायको चांगुणा चाकाशी येऊन उभी राहिली.

"धनराजभाऊ, देवळापाशी हंडा ओतून पाह्यला मी."

"बरं मग?"

"पाणी पारापर्यंत गेलं. मधी कुठं थांबलं नाय. अन् त्याला ढकलायला कुणी नव्हतं."

धनराज हसला. "वहिनी, पाण्याचं सोडा. गाड्या थांबवायला देव बसलाय की."

"खाली वाळू तरी टाका."

"वाळू? नव्या कोऱ्या रस्त्यावर? वरनं शूटिंग चाललंय, कसं दिसंल ते?"

चांगुणाने नवऱ्याकडे पाहिलं. साठी ओलांडलेला पुंजाराम तोंडाला हळद माखून उभा होता. त्याच्या कमरेचा दोर गाडीच्या जुवाला पक्का बांधलेला. तो हळूच म्हणाला, "जा तू. माघारी फिरलो तर मान जाईल घरातला." ती पदर खोचून उतारावरून घराकडे पळत सुटली. घर पाराला लागूनच होतं.

येळकोटाची आरोळी उठली. भंडारा उडाला, गाड्या हलल्या. पहिली दोनशे पावलं धनराज नुसता हात जोडत होता, डावीकडे, उजवीकडे, वर ड्रोनकडे.

मग त्याला दोर दिसला. इतका वेळ ताणलेला दोर आता पुंजारामच्या मागे जमिनीवर लोळत होता. भगत गाड्या ओढत नव्हता. गाड्यांपुढे जीव घेऊन पळत होता. त्याला दोन्ही बाजूंनी धरायला नेमलेल्या दोन जवान पोरांनी एकदा मागे पाहिलं आणि कडेला उड्या मारल्या. पुंजारामला उडी मारायची सोय नव्हती. तो बांधलेला होता.

जू आणि म्हाताऱ्याची पाठ यांत चार हात होते. मग तीन.

"ढकलू नका!" तो मागे वळून ओरडला. "थांबा रे! थांबा!"

डफ इतके जोरात होते की लोकांना त्याचं उघडलेलं तोंड तेवढं दिसलं. त्याने दोन्ही हात हलवले. त्याच्या डोळ्यांतून पाणी येत होतं.

"भाऊच्या अंगात आलं!" गाडीवर कुणीतरी किंचाळलं. "देव आला भाऊच्या अंगात!"

बातमी बाराव्या गाडीपर्यंत गेली आणि ढकलणाऱ्यांना दुप्पट जोर चढला. धनराजने हातातला नारळ त्यांच्यावर भिरकावला. तो एकाने हवेतच झेलला आणि कपाळाला लावला.

दोन हात. पुढे पाराचा दगडी कठडा दिसू लागला. पुंजारामने एकदा मान वळवली. घामाने हळद ओघळली होती आणि खाली देवाचा भगत वगैरे कुणी नव्हता, नुसता भ्यालेला म्हातारा होता. धनराजने डोळे मिटले. मिटून ठेववेनात, म्हणून पुन्हा उघडले.

पाराच्या अलीकडे रस्त्यावर काहीतरी आडवं पडलं होतं. गोण्या. कालच उन्हं देऊन भरलेले चांगुणाच्या घरचे वर्षाचे गहू. पाच गोण्या रस्त्यात होत्या, सहावी ती आणि शेजारची कुसाबाई फरफटत आणत होत्या.

पुंजाराम गोण्यांवर धडपडला आणि पलीकडे पडला. टायर गोण्यांवर चढले, गोण्या फुटल्या, टायर गव्हात रुतले. मागच्या अकरा गाड्या एकमेकींवर आदळत गेल्या. जू पुंजारामच्या छातीपासून वीतभर अंतरावर येऊन थांबलं.

गाव एका आवाजात गरजलं, "देवानं धरल्या गाड्या!"

धनराजला खांद्यावर घेऊन गाडीवरून उतरवलं. त्याची पांढरी विजार पुढून ओली झाली होती. तिच्यावर लोकांनी भंडारा उधळला आणि पायांना हात लावायला रांग लागली. त्याचा आवाज पार बसला होता. चांगुणाकडे बोट करून तो काहीतरी सांगू पाहत होता, पण ड्रोन खाली आला तसं ते बोट त्याने मिटलं.

पुंजाराम पारावर बसून कमरेची गाठ सोडत होता. त्याच्या हातांना ती सुटत नव्हती. चांगुणा रस्त्यावर उकिडवी बसून ओंजळीने गहू गोळा करत होती. भंडाऱ्याने पिवळे झालेले दाणे घेत होती, पुंजारामच्या खरचटल्या गुडघ्यांच्या रक्ताने लाल झालेले बाजूला सारत होती.

"एक बरं झालं, कुसा," ती म्हणाली. "काँक्रीट हाय. मातीत दाणा हाताला लागला नसता."

दिवस मावळेपर्यंत सहा गोण्यांच्या साडेतीन भरल्या. उरलेल्या अडीच गोण्या गावाने प्रसाद म्हणून चिमटी चिमटी घरी नेल्या. पहिली चिमूट धनराजने उचलली होती.