डाल्यावरचा दगड

हौसा घागर घेऊन परसात आली आणि जागीच थबकली. अंड्यांवर बसवलेल्या कोंबडीवर झाकलेलं डालं कलंडलं होतं. कोंबडी मानेला चावा बसून निपचित पडली होती आणि मुंगूस कुंपणातून पसार होत होतं. अंडी मात्र सगळी शाबूत होती. पळाली असती तर कोंबडी वाचली असती. ती अंड्यांवरून हललीच नव्हती.

अंडी हौसाची, खुडूक कोंबडी शेजारच्या द्वारकाकाकूंची. पिल्लं निघाली की निम्मी निम्मी, असं ठरलं होतं. "डाल्यावर दगड तेवढा ठेवत जा," एवढंच काकूंनी बजावलं होतं.

तेवढ्यात काकूच कोंबडीसाठी मूठभर कण्या घेऊन आल्या. हौसाच्या तोंडून निघून गेलं, "काकू, कुत्र्यानं दगड पाडला हो!"

काकूंनी मेलेल्या कोंबडीच्या पिसांवरून हात फिरवला. मग धोतरावर वाळत घातलेल्या पापडांकडे पाहिलं. धोतर उडू नये म्हणून हौसानं सकाळी तोच दगड त्याच्या टोकावर ठेवला होता.

"गुणाचं गं कुत्रं. पाडलेला दगड उचलून तुझ्या पापडांपाशी ठेवून गेलं."

हौसाची मान खाली गेली.

काकूंनी अंडी एकेक करून पदरात घेतली. "अजून ऊब आहे. माझी दुसरी कोंबडी कालच खुडूक झालीय. चल, डालं घे."

हौसानं डालं डोक्यावर घेतलं आणि धोतरावरचा दगड उचलला. वाऱ्यानं धोतर उलटलं.

"अगं, पापड गेले!"

"जाऊ देत," हौसा म्हणाली आणि दगड छातीशी धरून काकूंच्या मागे निघाली.