पुढे चालणारं माणूस

गाडी पुढे जाईना की मागे येईना. बॉनेट आभाळाकडे, लेक ब्रेकवर जवळजवळ उभीच, आणि समोर चढावर बाबा दोन्ही हात खाली सोडून उभे. डावीकडे घे म्हणेनात, उजवीकडे घे म्हणेनात. पायाखालच्या दगडांकडे असे बघत होते, जसं कुणी त्यांना परक्या गावात आणून सोडलंय.

तिने ब्रेक आणखी घट्ट दाबला. गाडी घसरेल ही भीती त्यात फारच थोडी होती.

चारही चाकांच्या जोरावर चढणारी ही धूड गाडी बाबांनी घेतली तेव्हा सगळ्या नातेवाइकांनी त्यांना वेड्यात काढलं होतं. शिंप्याला कशाला हवी असली गाडी? पण बाबांनी ती हौसेने पाळली. वर्षातून एकदा दुकानाला कुलूप लावायचं, आईला शेजारी बसवायचं आणि सुकलेल्या ओढ्यातून डोंगरमाथ्यावर जाणारी ही वाट चढायची. भल्याभल्यांच्या गाड्या इथे पोट घासून अडकल्या, बाबांची कधी अडकली नाही. पठ्ठ्याला दगड न् दगड पाठ आहे, असं त्यांचे मित्र म्हणायचे आणि बाबा नुसते मिशीत हसायचे.

अशा चढावर चालवणाऱ्याला चाकाखालचं काही दिसत नाही. म्हणून एकाने खाली उतरायचं, गाडीकडे तोंड करून उलट्या पावलांनी पुढे चालायचं आणि हातांनी खुणा करायच्या. ते काम आईचं. ती शाळेत कवायत शिकवायची, तिच्या हातांना ते सहज जमायचं. लेकीला यातलं फारसं काही आठवत नव्हतं. तिला लहानपणी गाडी लागायची, त्यामुळे ती मागे डोळे मिटून आडवी पडलेली असायची.

मागच्या वर्षी आई गेली, आणि बाबांचं काहीतरी बिनसलं. साखरेचा डबा कुठला, ते त्यांना सांगता येईना. पाण्याची मुख्य तोटी ते घरभर शोधत बसले. इतकी वर्षं शेजारी राहणाऱ्या बाईंचं नाव त्यांनी लेकीला हळूच कानात विचारलं. थोरल्या भावाने फोनवर निकालच देऊन टाकला: बाबांची आठवण चाललीय, घर बंद करू, गाडी विकू, त्यांना मी माझ्याकडे नेतो. तो काळजीपोटीच बोलत होता, म्हणून तर तिला त्याच्याशी भांडता येईना. त्या घराबाहेर बाबा जगणार नाहीत, एवढं तिला कळत होतं. तिने दोन दिवसांची मुदत मागितली आणि मनाशी ठरवलं, त्यांना त्या वाटेवर न्यायचं. स्वतः चालवायचं, आणि बाबांना पुढे उभं करायचं. वाट आठवली तर दादाशी दोन हात करायचे. नाही आठवली तर काय, हे तिने स्वतःलाही सांगितलं नव्हतं.

तिने हँडब्रेक ओढला, खाली उतरून मागच्या चाकांना दगड लावले आणि बाबांजवळ गेली.

"इथून कशी काढायची, बाबा? तुम्हाला ठाऊक आहे ना?"

"नाही गं," बाबा म्हणाले.

इतकं सरळ, इतकं निवांत उत्तर. तिने तोंड फिरवून बाहीने डोळे पुसले. म्हणजे दादाचंच खरं होतं. आता संध्याकाळी फोन करून ते त्याला सांगायचं, आणि मग घरातल्या सामानाची आवराआवर सुरू.

पण आधी इथून सुटायला हवं होतं. वळायला जागा नव्हती, मागे उतरणं त्याहून वाईट, आणि पुन्हा गाडीत बसायला तिचं पाऊल उचलेना. बाबांनी ते पाहिलं. किल्ली मागून घेतली, मी बसतो, तू पुढे हो, म्हणाले. वाट विसरलेल्या माणसाच्या हातात गाडी द्यायला तिचं मन धजेना. पण दुसरा इलाज तरी कुठे होता?

बाबा बसले ते शिलाई मशीनवर बसल्यासारखे, पाठ ताठ. ती समोर उभी राहिली. खुणा करायला ती कुठे शिकली होती? तरी तिने एक सपाटसा दगड हेरला आणि हात डावीकडे केला. गाडीचं चाक त्याच्यावर अलगद येऊन बसलं. तिने तळहात उभा धरला, गाडी थांबली. बोटांनी जवळ बोलावलं, गाडी वीतभर आली. तिचा हात चुकून जरा तिरका झाला तशी गाडीही तिरकी झाली, म्हणून तिने घाईघाईने हात सावरला. बाबांनी एकदाही खिडकीतून डोकं काढून खाली पाहिलं नाही. ती उलट्या पावलांनी चढत राहिली, आणि ते अवजड धूड दावं लावलेल्या गाईसारखं तिच्या मागे येत राहिलं.

माथ्यावर सपाटी लागली. ती धापा टाकत खिडकीशी आली. रडावं की हसावं, तिला कळेना.

"बाबा, खरं सांगा. मघाशी काहीच आठवत नव्हतं, आणि आता गाडी अशी वर आणलीत. वाट आठवली का?"

बाबांनी इंजिन बंद केलं. जरा लाजल्यासारखे हसले.

"आठवायला आधी पाहिलेली असावी लागते ना, ठमे. मी ही वाट आज पहिल्यांदाच पाहिली. इतकी वर्षं समोर तुझी आई होती, मी तिच्याकडेच बघत होतो."